सार्वजनिक धोरणाचे उच्च शिक्षण : अर्ज करण्यापूर्वी

व्याख्यानमालेचे दिवस हे परीक्षा आटोपल्याचे दिवस असतात. सभागृहात एकीकडे पुढे काय शिकावे ह्या विवंचनेतला विद्यार्थी बसलेला असतो आणि त्याच्याच शेजारी, ते शिक्षण आपल्याला परवडेल की नाही ह्या विवंचनेतला त्याचा पालक. ह्या दोघांशी एकदमच बोलता यावे, म्हणून आम्ही आजचा विषय निवडला आहे.

अलीकडे आमच्याकडे सल्ला विचारण्यास येणाऱ्या तरुणांच्या तोंडी 'पब्लिक पॉलिसी', म्हणजे सार्वजनिक धोरण, हा शब्द वारंवार येतो. कोणी इंजिनियर असतो, कोणी स्पर्धा परीक्षेचे तीन-चार प्रयत्न करून थकलेला असतो, कोणी एखाद्या सेवाभावी संस्थेत काम करीत असतो. ह्या सर्वांना त्या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करावयाचा असतो. बहुधा अमेरिकेत, नाही तर इंग्लंडात किंवा सिंगापुरात. दोन वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातील एक तरुणी आपल्या वडिलांना घेऊन आली. मुलगी उत्साहाने बोलत होती. वडील शांतपणे ऐकत होते. अखेर ते म्हणाले, "सर, डॉक्टरकी शिकली तर डॉक्टर होते, वकिली शिकली तर वकील होते. हे शिकून माझी मुलगी होणार कोण?" प्रश्न साधा होता आणि रास्तही होता. त्याचे उत्तर ज्या विद्यार्थ्याला देता येत नाही, त्याने अर्जाला हात घालू नये, असे आमचे मत आहे. ते का, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम हा विषय म्हणजे काय ते पाहू. सरकारने काय करावे आणि काय करू नये, ठरवलेले पार पाडण्यास किती खर्च येईल, तो कोणी सोसावा, लाभ कोणाला होईल आणि ठरवल्याप्रमाणे घडले की नाही, ह्याची पद्धतशीर छाननी करणारे हे शास्त्र आहे. महाराष्ट्राला ही छाननी मुळीच नवी नाही. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळाची, सारावाढीची, शेतकऱ्यांच्या कर्जाची माहिती गावोगावहून मिळवून सरकारपुढे मांडली. न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या प्रेरणेने सभेचे त्रैमासिक १८७८ साली निघाले. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १८९७ साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली आणि १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषणे केली. त्यांचे सामर्थ्य आवेशात नव्हते. सरकारच्याच आकड्यांतून सरकारची चूक दाखवून देण्यात होते. आज विद्यापीठांत जे शिकविले जाते त्याचा गाभा हाच आहे.

विद्यापीठीय शिक्षणाच्या रूपाने मात्र हा विषय अमेरिकेत वाढला. सिराक्यूज विद्यापीठातील मॅक्सवेल स्कूल १९२४ चे. हार्वर्डची सार्वजनिक प्रशासनाची शाळा १९३६ साली लिटावर ह्यांच्या देणगीतून निघाली आणि १९६६ पासून ती केनेडी ह्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याशीही ह्या परंपरेचा लवकर संबंध आला. मॅक्सवेल स्कूलचे प्रमुख पॉल ॲपलबी ह्यांनी भारताच्या राज्यकारभाराची पाहणी करून १९५३ साली अहवाल दिला, आणि त्याला अनुसरून १९५४ साली दिल्लीस भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली.

तथापि आरंभी ह्या शाळांचा भर कारभार कसा चालवावा ह्यावर होता. कारभाराने हेतू साधला की नाही, हा प्रश्न पुढे आला तो १९६० नंतरच्या दशकात. त्या वेळी अमेरिकन सरकारने दारिद्र्य आणि बेकारी हटविण्यासाठी मोठमोठ्या योजना काढल्या. ओकलंड शहरात बेकारांना, विशेषतः कृष्णवर्णीय बेकारांना, काम मिळावे म्हणून १९६६ साली सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरांची योजना जाहीर झाली. पैसा होता, हेतू चांगला होता, उघड विरोध कोणाचा नव्हता. तरीही काही वर्षांनी पाहावे तो रोजगार अगदी थोड्यांनाच मिळालेला. असे का झाले, ह्याचा शोध प्रेसमन आणि विल्डाव्स्की ह्या दोघांनी घेतला व १९७३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. निर्णय अनेक कचेऱ्यांच्या अनेक संमतींतून जातो, प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा उशीर होतो, आणि ह्या थोड्या थोड्याची बेरीज म्हणजे अपयश, असा त्याचा मथितार्थ आहे. हेच विल्डाव्स्की ओकलंडच्या शेजारी बर्कले येथे १९६९ साली निघालेल्या सार्वजनिक धोरणाच्या शाळेचे पहिले प्रमुख होते.

घरचे उदाहरण घ्यावयाचे तर रोजगार हमी योजनेचे घ्यावे. जो काम मागेल त्याला काम द्यावे, ही कल्पना एका वाक्यात मावते. वि. स. पागे ह्यांनी ती प्रथम १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगावकडे करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळाने तिला राज्यभर नेले, १९७७ साली कायदा झाला आणि २००५ साली साऱ्या देशाचा रोजगार हमी कायदा झाला. पण त्या एका वाक्यामागे किती प्रश्न आहेत पाहा. मजुरी किती द्यावी? फार दिली तर शेतीला माणूस मिळणार नाही, थोडी दिली तर उपाशी माणसाचे पोट भरणार नाही. गरजू कोण हे कोणी ठरवावे? येथे योजनेने मोठी चतुराई केली. काम उन्हातले आणि अंगमेहनतीचे ठेवले, म्हणजे ज्याला गरज नाही तो आपण होऊनच येत नाही आणि गरिबांची यादी करण्याचे कारण उरत नाही. परंतु म्हातारा, आजारी, अपंग मनुष्यही त्यामुळे बाहेर राहतो, ही त्या चतुराईची किंमत आहे. खर्चासाठी १९७५ पासून शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसविला गेला. प्रत्येक सोयीची अशी एक किंमत असते. ती शोधून काढणे आणि लोकांपुढे प्रामाणिकपणे मांडणे हे धोरणाच्या अभ्यासकाचे काम.

आता अभ्यासक्रमाकडे येऊ. अमेरिकेत तो बहुधा दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, शासनसंस्थांचे व राजकारणाचे विवेचन आणि व्यवस्थापन हे विषय सर्वांना घ्यावे लागतात. मधल्या उन्हाळ्यात एखाद्या सरकारी किंवा सार्वजनिक संस्थेत उमेदवारी करावयाची असते. शेवटी एखाद्या खऱ्या कार्यालयाचा खरा प्रश्न घेऊन त्यावर अहवाल लिहावयाचा असतो. पदवीची नावे दोन आढळतात : सार्वजनिक धोरणाची आणि सार्वजनिक प्रशासनाची. पहिलीत विश्लेषणावर भर, दुसरीत कारभार चालविण्यावर भर, असे स्थूलमानाने म्हणता येईल; परंतु नावावर न जाता विषयांची यादी पाहावी. ऑक्सफर्डची २०१० साली स्थापन झालेली ब्लाव्हाट्निक शाळा हा अभ्यासक्रम एका वर्षात शिकविते. सिंगापूरची ली क्वान यू शाळा २००४ ची. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१४ पासून ह्या विषयाची पदव्युत्तर पदवी आहे; टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनेही हा विषय शिकविला आहे; आणि पुण्याची १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था ज्या अर्थशास्त्राचे शिक्षण देते तो तर ह्या शास्त्राचा कणाच आहे. म्हणजे परदेश हा एकच मार्ग नव्हे.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. ह्या पदवीने कोणी कलेक्टर होत नाही. भारतीय प्रशासन सेवेची वाट लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतूनच जाते. ही पदवी घेतलेले लोक संशोधन संस्थांत, सरकारच्या सल्लागार मंडळांत, सेवाभावी व आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करतात. त्यांच्या हाती अधिकार नसतो. ज्याच्या हाती अधिकार असतो त्याच्या टेबलावर जाणारे टिपण त्यांच्या हातचे असते. ह्यात ज्याला समाधान वाटत नाही त्याने हा मार्ग धरू नये.

अर्जाची सामग्री सर्वत्र साधारण सारखीच असते : पदवीची गुणपत्रके, आजवरच्या कामाचा एक-दोन पानांचा गोषवारा, दोन किंवा तीन शिफारसपत्रे, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, कोठे कोठे जीआरई ह्या परीक्षेचे गुण, आणि निबंध. वेळापत्रक शेवटाकडून मोजावे. अमेरिकेतील वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते. अर्जाची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारीत संपते, निकाल मार्चच्या सुमारास कळतो, आणि अर्थसाह्यासह मिळालेल्या प्रवेशाला उत्तर देण्यास १५ एप्रिलपर्यंत अवधी द्यावा असा तेथील पुष्कळ विद्यापीठांचा संकेत आहे. म्हणजे ह्या वसंतात विचार सुरू करणारा विद्यार्थी पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात निघेल. जीआरईचे गुण पाच वर्षे चालतात, इंग्रजीच्या परीक्षांचे दोन वर्षे. जीआरई अनेक शाळांनी ऐच्छिक केली आहे, काहींनी नाही. म्हणून प्रत्येक शाळेचा त्या वर्षीचा नियम स्वतः वाचावा, मित्राच्या सांगण्यावर राहू नये. आपली पदवी तीन वर्षांची असेल तर ती तेथे चालते का, हे सर्वांत आधी विचारावे. कारण काही ठिकाणी सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. ज्याने कलाशाखेत गणिताला कायमचा रामराम ठोकला आहे, त्याने अर्जापूर्वी संख्याशास्त्राचा व अर्थशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम उत्तम रीतीने पुरा करून ठेवावा. प्रवेश देणाऱ्यांची मोठी शंका तीच असते, आणि पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला रडविणारा विषयही तोच असतो.

शिफारसपत्रांच्या बाबतीत आपल्याकडे दोन वाईट चाली आहेत. एक, मोठ्या नावाच्या मागे लागणे. ज्यांनी विद्यार्थ्याला एकदाच पाहिले आहे अशा आमदारांच्या किंवा कुलगुरूंच्या पत्रात त्याच्याविषयी काहीच नसते. उलट ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली त्याने दोन वर्षे काम केले त्याच्या साध्या पत्रात खरा मजकूर असतो. दुसरी चाल अधिक वाईट : "तूच लिहून आण, मी सही करतो." हे गुरूंना आळस म्हणून सोयीचे आणि शिष्याला भय म्हणून सोयीचे, परंतु ते खोटे आहे, आणि तिन्ही पत्रे एकाच हातची आहेत हे वाचणाऱ्याला लपत नाही. पत्र मागताना दोन महिने आधी जावे, आपल्या कामाचे टाचण द्यावे, आणि लिहिण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे.

राहता राहिला निबंध; आणि खरा अर्ज तोच. आमच्यापुढे येणाऱ्या दहा निबंधांपैकी आठांचा आरंभ एकच असतो : लहानपणापासून समाजसेवेची आवड, देशाची गरिबी पाहून होणारी व्यथा, बदल घडविण्याची इच्छा. ही भावना खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. पण ती सर्वांचीच असल्यामुळे तिच्यावरून कोणाची पारख होत नाही. बर्कलेचे एक प्राध्यापक, यूजीन बार्डाक, ह्यांनी धोरणाच्या विचाराच्या आठ पायऱ्या शिकविल्या. प्रश्न नेमका ठरवा, पुरावा गोळा करा, पर्याय मांडा, ते कोणत्या कसोटीवर तपासायचे ते ठरवा, प्रत्येकाचा परिणाम काय होईल ते अजमावा, एक साधताना दुसरे काय गमवावे लागते ते पाहा, निर्णय घ्या, आणि शेवटी सारे दुसऱ्याला समजेल असे सांगा. आमचे म्हणणे असे की, जी रीत शिकण्यासाठी आपण अर्ज करीत आहो, तीच रीत अर्जालाही लावावी.

वर सांगितलेल्या तरुणीचे उदाहरण देतो. तिचा पहिला निबंध त्या आठांपैकीच होता. आम्ही तिला विचारले, "तुझ्या संस्थेत तू रोज काय करतेस?" ती म्हणाली, "सर, उन्हाळ्यात टँकरच्या खेपांची नोंद ठेवते." "टँकर का येतो?" "पाणी नाही म्हणून." "गावात नळयोजना नाही?" "आहे, पण बंद आहे." "बंद का?" येथे ती थांबली. पुढच्या खेपेस येताना ती तीन गावांच्या ग्रामपंचायतींचे कागद पाहून आली. योजना पुरी झालेली होती, विहिरीला पाणीही काही महिने होते. परंतु पंपाचे वीजबिल थकल्यामुळे जोड तोडलेला होता. बिल ग्रामपंचायतीने भरावयाचे, आणि पाणीपट्टी वसूल होत नाही म्हणून ती भरीत नाही. टँकरचा खर्च मात्र सरकार करते. म्हणजे नळ चालू ठेवला तर सरपंचाने लोकांकडून पैसे मागण्याचा वाईटपणा घ्यावयाचा, आणि नळ बंद पडला तर फुकट टँकर यावयाचा! मग योजना कोण चालविणार?

आता प्रश्न सापडला. पर्यायही दिसू लागले : वीजबिल सरकारने भरावे, पंप सौरऊर्जेवर चालवावा, घरोघर मीटर बसवून पट्टी वसूल करावी, किंवा टँकरच्या खर्चाचा काही वाटा पंचायतीवर टाकावा. प्रत्येकाला अडचण आहे. बिल सरकारने भरले तर उपसा बेसुमार होईल. पट्टी सक्तीने घेतली तर गरीब घराचाच नळ आधी तुटेल. टँकरचा वाटा मागितला तर कोरड्या वर्षी गाव तहानेल. ह्यांतले काय निवडावे हे आपल्याला ठरविता येत नाही. ते ठरविण्यासाठी परिणाम मोजण्याची विद्या हवी आणि ती अमुक शाळेत अमुक विषयात मिळेल, म्हणून आपण अर्ज करीत आहो, असा तिचा दुसरा निबंध होता. त्यात समाजसेवा हा शब्द एकदाही नव्हता. आणि वडिलांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात आपोआप आले होते. बार्डाक सांगत की आपले म्हणणे टॅक्सीवाल्यालाही कळले पाहिजे. आम्ही म्हणतो, एस. टी.त शेजारी बसलेल्या माणसाला सांगून पाहावे. त्याने पुढचा प्रश्न विचारला तर निबंध जमला. तो खिडकीबाहेर पाहू लागला तर पुन्हा लिहावा. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे हल्ली पुष्कळ आहेत, आणि यंत्राकडूनही तो क्षणात लिहून घेता येतो. भाषा त्यांना देता येईल, बंद नळाचा प्रश्न देता येणार नाही.

आता पैशाचे बोलू. अमेरिकेतील नामांकित खाजगी विद्यापीठांत नुसती शिकवणीची फी वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलरांच्या घरात असते. राहणे-खाणे धरून दोन वर्षांचा हिशेब एक कोटी रुपयांच्या पुढे सहज जातो. वैद्यकी किंवा व्यापारव्यवस्थापनाप्रमाणे हा पैसा परत मिळवून देणाऱ्या नोकऱ्या ह्या क्षेत्रात फार नाहीत. परदेशात राहून कमवू म्हणावे, तर तेथील व्हिसाचे नियम आपल्या हाती नाहीत आणि ते बदलत असतात. म्हणून कर्जाचा हप्ता भारतात मिळणाऱ्या पगारातून फेडता येईल काय, एवढाच हिशेब खरा मानावा.

ह्या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. १९१३ साली ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले आणि त्यांनी अर्थशास्त्र, विशेषतः सार्वजनिक अर्थव्यवहार, हा विषय अभ्यासिला. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली स्वतःची शिल्लक आणि शाहू महाराजांचे साह्य जमवून ते पुन्हा गेले व रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी पुरा केला. पुढे चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी १९२५ साली साक्ष दिली ती ह्याच अभ्यासाच्या बळावर. बुद्धी एवढी थोर असूनही पैशाची सोय झाल्याखेरीज पाऊल पुढे पडले नाही, हे विसरू नये. शिष्यवृत्तीचा शोध हा अर्जाइतकाच महत्त्वाचा आहे. १८९२ साली स्थापन झालेला जमशेटजी टाटा निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या अभ्यासाला पुरते; तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर मायदेशी परतावे लागते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. ह्यांच्या मुदती शाळांच्या मुदतींहून वेगळ्या असतात, म्हणून त्यांचे वेळापत्रक निराळे मांडावे.

अनुभवाची अट ही शिक्षा समजू नये. शाळाही दोन-तीन वर्षे काम केलेल्याला पसंत करतात. आणि काम केल्यावाचून प्रश्न सापडत नाही, हे आपण पाहिलेच. मुख्यमंत्री फेलोशिपसारखा २०१५ साली निघालेला उपक्रम किंवा खासदाराच्या हाताखाली संसदीय कामाची उमेदवारी, अशा संधी चालू असतील तेव्हा घ्याव्या. एखाद्याला तेथेच कळेल की आपल्याला ह्या पदवीची गरज नाही. तेही उत्तरच आहे, आणि स्वस्तात मिळालेले.

त्या तरुणीचे पुढे काय झाले, हे सांगून आम्ही थांबतो. तिला अमेरिकेतील एका शाळेने प्रवेश दिला, पण साह्य दिले नाही. वडील दोन एकर जमीन विकण्यास तयार झाले होते. तिने त्यांच्यासमोर कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे काय मिळेल, दुसरीकडे काय जाईल. मग तिने नकाराचे पत्र लिहिले. एक वर्ष आणखी काम केले, आणखी गावांचे कागद पाहिले, आणि पुढल्या खेपेस भारतातीलच एका संस्थेत, फीमाफी मिळवून, ती दाखल झाली. तिचा विषय अजून वीजबिलाचाच आहे.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे की, मुलाने अर्जाचे कागद पुढे ठेवले म्हणजे शाळेचे नाव विचारण्यापूर्वी त्याचा प्रश्न कोणता ते विचारावे. आणि विद्यार्थ्यांना विनंती अशी की, ते उत्तर घरच्या बैठकीत, मराठीत, पाच वाक्यांत देता येईपर्यंत अर्जाची फी भरू नये.